शीख घरातले परधर्माचे ग्रंथ : इतिहास काय सांगतो?

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका निघते आणि तिच्यात आम्ही दरवर्षी चार ओळी खरडतो. यंदाचा विषय शिखांचा आहे. बौद्ध विहाराच्या स्मरणिकेत शिखांचं काय काम, असं काही बंधू-भगिनींना वाटेल. म्हणून आधी कारण सांगतो.

गेल्या पावसाळ्यात विहाराच्या वाचनालयासाठी वस्तीतून पुस्तके गोळा केली. लोकांनी भरभरून दिली. पिशव्या रिकाम्या केल्या तेव्हा बाबासाहेबांचे खंड, धम्मपद, जोतिरावांचं वाङ्मय निघालं. त्याचबरोबर एक गीता, कुराणाचा मराठी अनुवाद आणि बायबलही निघालं. झालं, वादाला तोंड फुटलं. ज्येष्ठ मंडळी म्हणाली, "ही पुस्तकं विहारात नकोत. आज पुस्तक येतं, उद्या फोटो येतो, परवा उदबत्ती लागते." कॉलेजात जाणाऱ्या मुली म्हणाल्या, "काका, वाचल्याशिवाय उत्तर कसं देणार?" रात्री अकरापर्यंत बैठक चालली, निर्णय काही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी गिरणीत पहिल्या पाळीला ही गोष्ट आमच्या खात्यातल्या फिटरला सांगितली. तो इथलाच, नांदेडचा दखनी शीख. आमच्याइतकंच चांगलं मराठी बोलतो. तो हसला आणि म्हणाला, "भाऊ, हा वाद आमच्यात शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. माझ्या घरात तर परवाच झाला." त्याची मुलगी इतिहासात एम.ए. करते. तिने कुराण आणि गीता अभ्यासाला घरी आणली, तेव्हा आजी रुसून बसली. गुरूच्या घरात दुसरा ग्रंथ कसा, असं म्हातारीचं म्हणणं.

त्या दिवसापासून आम्ही हा विषय वाचायला घेतला. मिळेल ते मराठी, हिंदी वाचलं. जे कळलं नाही ते फिटरभाऊला विचारलं. त्यातून जे हाती आलं ते आपल्यापुढे ठेवतो.

शिखांच्या घरात ग्रंथाचं स्थान

आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल, नाहीतर त्या आजीचं दुःख कळणार नाही. आपल्यासाठी ग्रंथ म्हणजे वाचायची, विचार करायची वस्तू. शिखांसाठी गुरू ग्रंथ साहेब हा प्रत्यक्ष गुरू आहे. दहावे गुरू गोविंदसिंग इ.स. १७०८ च्या ऑक्टोबरात आपल्या नांदेडलाच, गोदावरीकाठी निवर्तले. जाण्यापूर्वी त्यांनी यापुढे कोणी माणूस गुरू होणार नाही, ग्रंथच गुरू, अशी व्यवस्था लावून दिली. २००८ साली याच घटनेची तीनशे वर्षे झाली, तेव्हा 'गुरू-ता-गद्दी'चा केवढा सोहळा झाला तो नांदेडकरांनी डोळ्यांनी पाहिला आहे.

म्हणून ज्या शीख घरात संपूर्ण ग्रंथ साहेब असतो, तिथे त्याला वेगळी खोली असते. वर चांदवा, खाली गादी, अंगावर रुमाला. सकाळी ग्रंथ उघडतात त्याला 'प्रकाश' म्हणतात, रात्री मिटून ठेवतात त्याला 'सुखासन'. घरात वडीलधारं माणूस नांदतं तसा हा ग्रंथ नांदतो. सगळ्यांना हे झेपत नाही. मग पुष्कळ घरांत नित्याच्या प्रार्थनेचा लहान 'गुटका' असतो, किंवा ग्रंथाचे भाग पाडून छापलेल्या 'सैंची' असतात.

अशा घरात दुसऱ्या धर्माचं पुस्तक आलं की म्हातारीच्या मनात येतं, गुरूच्या शेजारी हा कोण येऊन बसला? हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, आदबीचा आहे. आपण त्याला हसू नये.

ग्रंथाच्या पोटात कोण कोण आहे?

पण त्या ग्रंथाच्या आत डोकावलं की दुसरी बाजू दिसते. पाचवे गुरू अर्जनदेव यांनी इ.स. १६०४ मध्ये आदि ग्रंथ सिद्ध केला. लेखनाचं काम भाई गुरदास यांनी केलं. अमृतसरच्या हरिमंदिरात त्याची स्थापना झाली आणि बाबा बुढ्ढा हे पहिले ग्रंथी झाले. या ग्रंथात गुरूंच्या वाणीबरोबर पंधरा भक्तांची वाणी आहे. हे भक्त कोण? कबीर विणकर. नामदेव शिंपी. रविदास चर्मकार. सैन न्हावी. सधना खाटीक. धन्ना जाट शेतकरी. शेख फरीद मुसलमान सूफी. शिवाय जयदेव आणि रामानंद हे ब्राह्मण. आम्ही गिरणीतली माणसं, म्हणून आम्हांला एक गोष्ट विशेष वाटली. सूत विणणारा आणि कापड शिवणारा असे दोघेही त्या गादीवर आहेत!

आपल्या नामदेवांची ६१ पदे तिथे आहेत. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात घुमान गावी नामदेवांचं स्थान आहे आणि तिथले शीख 'भगत नामदेव' म्हणून त्यांना मानतात. २०१५ साली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. रविदासांची पदेही चाळीसच्या घरात आहेत. ज्या माणसांची सावली आपल्या देशात विटाळ मानली गेली, त्यांच्या शब्दांपुढे चारशे वर्षे राजे-महाराजांनी मस्तक टेकलं आहे.

मग कोणी म्हणेल, बघा, गुरूंनीच दुसऱ्यांची वाणी घरात घेतली, वाद मिटला. इतकं सोपं नाही. गुरू अर्जनदेवांनी समोर आलं ते सगळं घेतलं नाही. लाहोरच्या काही कवींची पदे त्यांनी नाकारली, असं परंपरा सांगते. जे घेतलं ते आपल्या कसोटीवर घासून घेतलं. शीख मंडळींच्या मते एकदा ग्रंथात आल्यावर कबीराची वाणी परकी राहिली नाही, ती गुरूचीच वाणी झाली. पण आमचा मुद्दा वेगळा आहे. घासून घ्यायचं तर आधी हातात घ्यावं लागतं. न वाचता निवड कशी होणार? वेद आणि 'कतेब', म्हणजे मुसलमान-ख्रिस्ती-यहुद्यांचे ग्रंथ, यांचा उल्लेख गुरुवाणीत ठिकठिकाणी येतो. कुठे टीका आहे, कुठे न विचार करणाऱ्या वाचकाचे कान उपटले आहेत. ज्याला ते ग्रंथ ठाऊकच नाहीत, त्याला ही टीका तरी कशी कळावी?

संस्कृत कोणाला शिकवायचं?

आता निर्मळे साधूंच्या परंपरेतली एक कथा ऐका. आपल्या लोकांना ती जवळची वाटेल. गुरू गोविंदसिंगांच्या दरबारात एक पंडित होते. शिखांना संस्कृत शिकवा असं गुरूंनी सांगितलं, तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले. शिष्यांत खालच्या मानलेल्या जातींचे लोक, त्यांना देववाणी कशी शिकवावी? तेव्हा गुरूंनी पाच शिखांना साधूच्या वेशात काशीला पाठवलं. ते वेदान्त, शास्त्रे शिकून आले. निर्मळ्यांचा पंथ आपला उगम इथूनच सांगतो.

परंपरेतली कथा आहे, तेवढ्याच बेताने ती घ्यावी. पण गुरूंच्या दरबारात कवी होते आणि महाभारताच्या पर्वांची भाषांतरे तिथे झाली, हा इतिहास आहे. म्हणजे परक्या शास्त्राचं दार बंद होतं तेव्हा दाराला पाठ करून बसा असं गुरूंनी सांगितलं नाही. दार उघडायला माणसं पाठवली.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुढे हेच निर्मळे आणि उदासी पंथाचे साधू गुरुवाणीचा अर्थ वेदान्ताच्या चष्म्यातून सांगू लागले. अनेक गुरुद्वारे महंतांच्या ताब्यात गेले. हरिमंदिराच्या परिक्रमेतसुद्धा मूर्ती मांडल्या गेल्या. शिखांची वेगळी ओळख पुसट होत चालली. आपले ज्येष्ठ म्हणतात ते, आधी पुस्तक, मग फोटो, मग उदबत्ती, शिखांच्या बाबतीत घडून गेलेलं आहे. तेव्हा ज्येष्ठांची भीती काही हवेतली नाही.

भीतीचा काळ आणि भाई काहनसिंग

इंग्रजी अमलात ही भीती फार वाढली. १८७३ साली अमृतसरच्या मिशन शाळेतल्या चार शीख विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती होण्याचं जाहीर केलं. समाज हादरला आणि त्याच वर्षी अमृतसरला सिंग सभा स्थापन झाली. १८७९ मध्ये लाहोरला दुसरी झाली. तिकडे दयानंद सरस्वतींच्या 'सत्यार्थ प्रकाश' मध्ये नानकांना संस्कृत येत नव्हतं अशी हेटाळणी आली. एका बाजूने पाद्री, दुसऱ्या बाजूने आर्य समाज. अशा वेळी 'परक्यांची पुस्तकं घरात आणू नका' हा आदेश काढणं किती सोपं होतं!

पण सिंग सभेच्या विद्वानांनी काय केलं पाहा. नाभा संस्थानचे भाई काहनसिंग यांनी १८९८ साली 'हम हिंदू नहीं' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. शीख हा स्वतंत्र धर्म आहे हे त्यांनी त्यात संवादाच्या रूपाने मांडलं. नुसती घोषणा केली नाही, हिंदू धर्मग्रंथांतले उतारे समोर ठेवून, तुमचं हे म्हणणं आणि आमच्या गुरूंचं हे म्हणणं, असा मुद्द्याला मुद्दा लावला. वेगळेपणाचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता दुसऱ्याचे ग्रंथ सगळ्यात बारकाईने वाचणारा निघाला! याच गृहस्थांनी पुढे १९३० साली 'महान कोश' प्रसिद्ध केला. साठ हजारांहून अधिक नोंदींच्या या कोशात गुरुवाणीतला शब्द समजावा म्हणून पुराणांतली पात्रे आहेत, इस्लामचे शब्द आहेत, फारसी-अरबी-संस्कृत मुळे आहेत. त्यांच्या घरात हे ग्रंथ नसते तर कोश झाला असता का?

तसेच प्रा. साहिबसिंग. गुरुवाणीचं व्याकरण त्यांनी उलगडून दाखवलं आणि १९६२ ते १९६४ या काळात ग्रंथ साहेबाचा अर्थ सांगणारे 'दर्पण'चे दहा खंड काढले. शब्दांचे शेवट का बदलतात, याची गुंतागुंत सोडवताना त्यांचा संस्कृतचा अभ्यास कामी आला. परक्या मानलेल्या भाषेने स्वतःच्या गुरूचा शब्द उजळला.

मूर्तींचं काय झालं, तेही सांगतो. १९०५ साली हरिमंदिराच्या परिसरातून त्या हलवण्यात आल्या. १२ ऑक्टोबर १९२० रोजी, खालच्या मानलेल्या जातींतून शीख झालेल्या बांधवांचा प्रसाद हरिमंदिरात स्वीकारायला पुजाऱ्यांनी आधी नकार दिला. शेवटी तो स्वीकारावा लागला. त्यातूनच गुरुद्वारा सुधारणेची चळवळ पेटली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी उभी राहिली. ज्यांनी गादीजवळची गर्दी हटवली, त्यांनी फळीवरची पुस्तकं मात्र जाळली नाहीत. हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

लिहून ठेवलेला नियम

पुढे या कमिटीने शिखांच्या आचाराची नियमावली करायला घेतली. १९३१ पासून विचारविनिमय सुरू झाला आणि १९४५ साली 'सिख रहत मर्यादा'ला मान्यता मिळाली. आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यात जवळजवळ सरळ दिलेलं आहे. गुरुद्वाऱ्यात गुरू ग्रंथ साहेबाच्या बरोबरीने दुसरा कोणताही ग्रंथ स्थापन करायचा नाही. वेद, शास्त्रे, गीता, कुराण, बायबल यांवर शिखाने श्रद्धा ठेवायची नाही. इतपत ऐकून आजी खूश होईल. पण पुढेच सांगितलं आहे की सर्वसाधारण ज्ञानासाठी परधर्माच्या ग्रंथांचा अभ्यास करायला हरकत नाही. इथे नात खूश होईल! शिवाय प्रत्येक शिखाने गुरुमुखी शिकावी, म्हणजे स्वतःचा ग्रंथ स्वतः वाचता यावा, हेही सांगितलं आहे.

म्हणजे नियम करणाऱ्यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. एक गादी आणि दुसरी फळी. गादीवर एकच. फळीवर ज्याला जे शिकायचं ते.

नांदेडकर वाचक इथे आम्हांला अडवतील. म्हणतील, हजूर साहेबाला तर दशम ग्रंथाचाही प्रकाश होतो. खरं आहे. गुरू गोविंदसिंगांच्या नावाशी जोडलेला हा ग्रंथ हजूर साहेब आणि पाटणा साहेब येथे ग्रंथ साहेबाबरोबर मांडला जातो, अमृतसरच्या रीतीत तसं नाही, आणि त्यावरून शिखांत मतभेद आहेत. तो त्यांचा घरचा प्रश्न आहे, त्यात आम्ही निकाल देणार नाही. पण त्यांचा वाददेखील गादीवर कोण बसावं याचा आहे, कोणी काय वाचावं याचा नाही.

ग्रंथ हातचे जाणं म्हणजे काय, हे शिखांनी भोगलं आहे. अमृतसरच्या दरबार साहेब परिसरात १९४६ साली सुरू झालेलं सिख रेफरन्स लायब्ररी हे ग्रंथालय होतं. हजारो दुर्मीळ पुस्तकं आणि हस्तलिखितं तिथे होती. जून १९८४ च्या लष्करी कारवाईत ते ग्रंथालय गेलं. किती जळालं, किती उचलून नेलं, यावर अजून वाद आहे आणि नेलेलं परत द्या ही मागणी चालूच आहे. एवढं सोसलेल्या समाजाला पुस्तकाची किंमत कोणी शिकवायला नको.

आपण यातून काय घ्यावं?

या इतिहासाशी आपला धागा जुळलेला आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर त्यांनी शीख धर्माचा गांभीर्याने विचार केला होता. एप्रिल १९३६ मध्ये ते अमृतसरच्या शीख परिषदेला गेले. मुंबईत १९३७ साली सुरू झालेल्या खालसा कॉलेजशीही त्यांच्या त्या काळातल्या प्रयत्नांचा संबंध आहे. शेवटी त्यांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला, पण तो वीस-एकवीस वर्षे धर्माधर्मांचे ग्रंथ तपासून. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृतीचं दहन झालं, हे आपल्या लेकरालाही माहीत आहे. पण 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा १९४६ चा ग्रंथ लिहिताना वेद आणि स्मृती त्यांच्या टेबलावर होत्या, हे किती जणांना माहीत आहे? ज्या ग्रंथाची सत्ता त्यांनी जाळली, त्याचा अभ्यास त्यांनी सोडला नाही. 'राजगृह' हे घर त्यांनी पुस्तकांसाठी बांधलं, ते उगीच नाही.

शिखांच्या इतिहासातून आम्हांला तीन गोष्टी दिसल्या. पहिली, आधी स्वतःचा ग्रंथ स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेला असावा. निर्मळ्यांच्या काळात सामान्य शिखाला दुसऱ्याने सांगितलेला अर्थच ठाऊक होता, म्हणून तो वाहवत गेला. ज्याने धम्मपद उघडलं नाही, त्याला गीतेची भीती वाटणारच. दुसरी, श्रद्धेची जागा आणि अभ्यासाची जागा यांची गल्लत करू नये. तिसरी, दुसऱ्याचा ग्रंथ वाचायचा तो मान राखून. फाडून, लाथाडून नव्हे. आपल्या ग्रंथाची विटंबना झाली की आपल्या काळजाला घरं पडतात, तशी त्यांच्याही पडतात.

आता फिटरभाऊच्या घरी काय झालं ते सांगून थांबतो. त्याने मुलीच्या पुस्तकांसाठी खालच्या खोलीत भिंतीला एक लाकडी फळी ठोकली. गिरणीतून सुट्टी झाल्यावर आम्हीही मदतीला गेलो होतो. ग्रंथ साहेबाची खोली वरच्या मजल्यावर आहे, ती तशीच राहिली. आजी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने नातीला हाक मारली आणि म्हणाली, "त्या पुस्तकात काय लिहिलंय ते मला पण सांग. पण वाचून झालं की हात जोडायला वरच यायचं." नात म्हणाली, "वरच येणार, दादी."

आमच्या वाचनालयाची बैठक पुन्हा भरली तेव्हा आम्ही हे सगळं सांगितलं. वादावादी झाली, नाही असं नाही. अखेर ठरलं की बुद्धमूर्तीसमोरच्या मांडणीत फक्त धम्माचे ग्रंथ आणि बाबासाहेबांचे खंड राहतील. वाचनालयाच्या खोलीत एका कपाटावर 'तुलनात्मक अभ्यास' अशी पाटी लागेल आणि बाकीचे ग्रंथ त्यात जातील. जो मुलगा किंवा मुलगी त्यातलं पुस्तक नेईल, त्याने महिन्याच्या शेवटच्या रविवारी सर्वांसमोर दहा मिनिटे त्यावर बोलायचं. सर्वांत जास्त विरोध करणाऱ्या आमच्या ज्येष्ठ बंधूंनीच त्या कपाटाची किल्ली सांभाळायची जबाबदारी घेतली आहे. ते रविवारी सकाळी आठला कपाट उघडतात. वस्तीतल्या मायबहिणींनी आपली पोरंबाळं पाठवावीत, ही नम्र विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!